दोन बोटं सोडून

आमच्या घरात कुणी चर्चला जात नाही. का जात नाही, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत धड माहीत नव्हतं. हसू नका. माहीत होतं ते एवढंच, की बावन्न वर्षांपूर्वी एका रविवारी पाळकांनी भर उपदेशात माझ्या आजोबांना 'ताठ मानेचा', म्हणजे देवापुढेही न वाकणारा, म्हटलं, मंडळी हसली, आजोबा उठून बाहेर पडले आणि त्यांच्यामागून अख्खं घर बाहेर पडलं. मी तेव्हा तीन वर्षांची, आईच्या कडेवर. म्हणजे मीसुद्धा निघून आले म्हणायचं.

आम्ही शिंपी. आजोबा, मग बाबा, आता मी. त्या रविवारनंतर गल्लीत आमच्या दुकानाला 'कडक कॉलर' नाव पडलं. पाटीवर वेगळंच लिहिलंय, पण पाटी कोण वाचतं?

सोमवारी सकाळी माझी मुलगी दुकानात आली. खांद्यावर तिचं दोन महिन्यांचं पिल्लू, हातात पिशवी. आल्या आल्या पिल्लू माझ्या हातात दिलं. "मान सांभाळ गं, अजून धरली नाहीये तिने."

"मला शिकव आता. तू काय आभाळातून पडलीस?"

"रविवारी हिचा बाप्तिस्मा आहे. तू आणि आबा यायचं." आबा म्हणजे माझे बाबा. वय अठ्ठ्याहत्तर, खिडकीशी बसून अजून काजं करतात. त्यांनी मान वर केली नाही.

"आपल्यात जात नाहीत," मी म्हटलं.

"का पण?"

"का काय का? नाही जात."

लग्न होऊन ती चर्चला जाणाऱ्या घरात पडली, तेव्हापासून तिला या 'का'ची सवय लागलीय. म्हणाली, "मी सध्या बायबलमधला राजांचा भाग वाचतेय, आई. एकामागून एक राजे. आणि जवळजवळ प्रत्येकापुढे तेच, की बापाने देवाकडे पाठ फिरवली तशी यानेही फिरवली. हे रक्तातूनच येतं का गं?"

"मला काय माहीत? मी राजा आहे का?"

ती हसली नाही. "माझ्या लग्नात तुम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलात आणि तिथूनच जेवायला गेलात. मी आत मागे वळून वळून बघत होते. या रविवारी नाही बघणार. नाही आलात, तर मीही या दुकानाची पायरी चढणार नाही, आणि हीसुद्धा नाही."

ती तसंच करेल, हे मला ठाऊक होतं. कारण ती माझीच मुलगी. बोलली की बोलली.

जाताना पिशवी टेबलावर ठेवून गेली. "चर्चच्या कपाटात जुना झगा सापडला. नव्या पाळकांना रविवारी हाच घालायचाय, पण कॉलर टोचते म्हणतात. बघ जमलं तर."

झगा बाहेर काढला आणि मी ओळखला. म्हणजे पाहिला नव्हता कधी, पण काजं ओळखली. आजोबांचा हात. इतकं बारीक काज आजकाल कोण करतं? बाहीच्या कडा झिजून पांढुरक्या झालेल्या, कोपरावर रफू. वर्षानुवर्षं वापरलेला झगा होता.

पण मागे मानेशी कॉलर उसवून मध्ये भलत्याच काळ्या कापडाची पट्टी घातलेली. टाके हे एवढे मोठे, आणि दोरा पांढरा! काळ्या कापडाला पांढरा दोरा! कोणता शिंपी असं करेल? शिंप्याचं कामच नव्हतं ते. घरी बसून, अंधूक नजरेने, कुणा बाईने घातलेले टाके होते.

मला राहवेना. वरच्या फळीवरून आजोबांच्या मापाच्या वह्या काढल्या, शिंकत शिंकत ते वर्ष शोधलं. आमच्याकडे गळ्याचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं घालतात, म्हणजे माणसाला गिळायला, बोलायला, मान वळवायला जागा राहते. वहीत प्रत्येक मापापुढे लिहिलेलं: गळा पंधरा, दोन बोटं सोडून. गळा सतरा, दोन बोटं सोडून. पाळकसाहेबांच्या नावापुढे नुसतं: गळा सोळा.

"बाबा, हे काय? बोटं कुठे गेली?"

बाबांनी सुई टोचून ठेवली. वही हातात घेतली. मग म्हणाले, "वही मीच लिहीत होतो तेव्हा. बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, टेप लावला, पण बोटं घातली नाहीत. धजले नाहीत. पाळकसाहेबांच्या गळ्यात बोटं कशी घालायची? देवाचा माणूस!"

मी बघतच राहिले. "अहो, म्हणजे चूक आपली?"

"कॉलर आवळली. आणि नेमका त्या रविवारी वाचायचा पाठ होता तो बायबलातल्या रानात भटकणाऱ्या लोकांचा. सोन्याचं वासरू करून नाचले, देवाने त्यांना ताठ मानेचे म्हटलं, तो. पाळकसाहेबांनी तो शब्द वाचला आणि तेवढ्यात कॉलरमध्ये बोट घालून मान हलवायला गेले. हलेना! हसली मंडळी. बाबांना वाटलं, मुद्दाम केलं, शब्दही आपल्यालाच मारला."

"मग कळलं कधी त्यांना?"

"त्याच दुपारी. घरी येऊन वही काढून बघितली त्यांनी."

"आणि तरी?"

"तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब दुकानात आले. हातात हाच झगा. बाबांनी मशीन थांबवलं नाही, वर बघितलं नाही. पाळकसाहेब दहा मिनिटं उभे राहिले आणि गेले."

मी पुन्हा त्या पांढऱ्या दोऱ्याकडे पाहिलं. गावात काय दुसरे शिंपी नव्हते? होते की. पण दुसऱ्या शिंप्याने उसवलं असतं तर आजोबांची चूक चारचौघांत गेली असती. म्हणून पाळकसाहेबांच्या बायकोने घरीच बसून टाके घातले, आणि तो माणूस हा झगा झिजेपर्यंत अंगावर घालून उभा राहिला. आणि आम्ही? आम्ही बावन्न वर्षं तोंड फुगवून बसलो.

"बाबा, तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही का नाही गेलात?"

"बापाला खाली बघायला लावू?"

"ते गेल्यावर?"

"तेव्हा... सवय झाली होती." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू का नाही गेलीस?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आजोबांकडे निदान कारण होतं, खोटं का होईना. बाबांकडे बाप होता. मला तर कारणसुद्धा लागलं नाही. नुसतं 'आपल्यात जात नाहीत' म्हटलं आणि भागलं. लाज वाटली मला, खरंच सांगते.

कपाटावर कापडात गुंडाळलेलं आमचं बायबल होतं. दुपारी डबा खाताना राजांचा भाग काढला. गुरुवारपर्यंत वाचला. मुलगी म्हणाली ते खरं, बापामागून मुलगा, तीच रड. पण मध्येच एखादा निघतो, की ज्याच्या बापाने सगळा सत्यानाश केला आणि हा मात्र सरळ वागला. तो कुठून आला मग? रक्त तर तेच. हे कोडं मला काही सुटलं नाही, पण जेवण रोज गार होत होतं.

शुक्रवारी नव्या पाळकांच्या गळ्याचं माप आलं. मी पांढरा दोरा हळूच उसवला, कॉलरच्या आतलं कडक कापड, बकरम, नवीन घातलं, दोन बोटं सोडून कॉलर लावली. उसवलेला दोरा फेकवेना, वहीच्या त्या पानात ठेवला.

तुम्हाला वाटेल, आता काय, निघाले चर्चला. छे! शनिवारी संध्याकाळी झगा इस्त्री करून टांगला तरी माझा पाय उचलत नव्हता. बावन्न वर्षांनी कोणत्या तोंडाने जायचं? लोक म्हणतील, आली बघा कडक कॉलर.

"तुम्ही येताय का, बाबा?"

"तू जातेयस का?"

"आधी तुम्ही सांगा."

"आधी तू."

अर्धा तास असाच गेला. मग ते उठले, आत गेले आणि आपला पांढरा शर्ट घेऊन आले. "वरचं बटण तुटलंय. लावून दे," म्हणाले, आणि शर्ट माझ्या मांडीवर टाकून काजं करायला बसले.

रविवारी आम्ही दोघं आत गेलो. कुणी हसलं नाही. एका म्हातारीने सरकून जागा दिली, बस्स. नवे पाळक झगा घालून उभे राहिले, मान सहज इकडेतिकडे वळवत बोलत होते. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही, कॉलरच बघत होते. छान बसली होती.

मग मुलीने आम्हाला पुढे बोलावलं. पाणी घालायच्या वेळी तिने पिल्लू माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आई, मान सांभाळ."

कुणाची, ते तिने सांगितलं नाही. मी पिल्लाच्या मानेखाली हात घातला, आणि तिचं तोंड नीट दिसावं म्हणून माझी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडलं, पाळकांच्या पाण्याच्या आधी.