कोळंबी मागे पळते

माझी तान्ही चिमणी झोपली की मी छोटा शिकंजा टेबलाला आवळते, त्यात गळ अडकवते आणि श्वाससुद्धा जपून घेते. गळावर दोरा, केस नि पिसं बांधून खोटी कोळंबी करायची, समुद्रातल्या माशांना भुलवायला. हे काम आईचं. गळ-दोरीच्या दुकानाला तीच पुरवायची, पण आता तिची नजर अधू झाली. आज दुकानदारकाका माझा नमुना बघायला येणार होते. पसंत पडला तर काम घरात राहणार, नाहीतर कारखान्याकडे जाणार.

पहिल्या कोळंबीचे मण्यांचे डोळे तिरळे बसले. दुसरीचा दोरा शेवटच्या गाठीला तुटला. तिसरी मात्र अशी जमली, की मीच भुलले. आईच्या तळहातावर ठेवली. तिने बोटं फिरवली.

"मिशा झकास गं. पण तोंड नेढ्याकडे?"

"मग कुठे हवं?"

"अगं, दोरी नेढ्यात ओवतात. ओढली की नेढं पुढे. घाबरलेली कोळंबी शेपटीकडून मागे उसळते. तुझी तर ऐटीत फिरायला निघालीय! मासा काय खुळा आहे?"

सगळं मुसळ केरात. "आधी नाही सांगायचं?"

"'मला येतं, लहानपणापासून बघतेय' कोण म्हणालं होतं?"

ब्लेडने सगळं कापून काढलं. आता शेपटी नेढ्याकडे, तोंड गळाच्या बाकाकडे. हात मात्र सवयीने उलटेच जात होते. कशाबशा मिशा बसवल्या, तोच चिमणीने भोकाड पसरलं. तिला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने दोरा ताणून धरला. सोडला तर सगळं सुटणार. बाईसाहेबांनी पिसंच तोंडात कोंबली. ती काढतेय, तर दारावर थाप.

आईने चाचपडत दार उघडलं. काकांनी टेबलावरचा पसारा बघितला.

"राहू दे पोरी. लेकराचं बघ. पुढे बघू."

हे 'पुढे बघू' मी चांगलं ओळखते. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"बसा काका." ते टेकताच चिमणी त्यांच्या मांडीवर दिली. "पाठ सांभाळा. चष्मा काढून ठेवा, ओढते ती."

"अगं, मला नाही लेकरं धरता येत!"

"मलाही कुठे येत होतं?"

चिमणीने त्यांचं नाक पकडलं. तसल्या अवस्थेतही काका शिकंज्याकडे वाकले.

"तोंड बाकाकडे घेतलंस?"

"हो."

"मग बघत काय बसलीस? गाठ आवळ!"