डोंगरआजोबांची सुई

शावोने आपल्या मुलाचा दंड धरून त्याला रांगेतून बाहेर ओढलं.

"आपा, सोडा! सगळे बघतायत."

"बघू देत. त्या सोंगाड्याकडून गाल टोचून घेणार तू?"

लुबुमने हात सोडवून घेतला आणि देवळाच्या अंगणात पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. गावच्या देवासमोर, डोंगरआजोबांसमोर, तो यंदा पहिल्यांदाच नाचणार होता. आजोबांचं वारं ज्याच्या अंगात येतं तो ल्हावा. तो पोरांच्या गालांतून आरपार सुया घालतो आणि वर्षभर रोगराई फिरकत नाही. रक्ताचा थेंब येत नाही. आलाच, तर सुई देवाने नाही, माणसाने घातली.

आणि ल्हावा कोण, तर वांदे. परवापर्यंत ट्रक हाकणारा. त्याच्या बापाचं वारं शावोने पाहिलं होतं. या सणावर सरकारी बंदी होती तेव्हाही म्हातारा चुलीपाशी घुमायचा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात बाही कोंबून. त्याला वेळ कुणी ठरवून दिली नव्हती. आता कुठलीशी कंपनी पर्यटक आणते. बस आली की देव येतो, बस रखडली की देवही रखडतो. थू असल्या देवावर, असं शावो घरात म्हणाला तेव्हा बायकोने त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

ढोल कडाडले. धुपाच्या ओल्या फांद्या धुमसू लागल्या. वांदे थरथरत, मान झटकत अंगणात आला. शावो फक्त त्याचे डोळे बघत होता.

"जरा इकडे! उजेडात!" एक कॅमेरावाला ओरडला.

आणि आजोबा दोन पावलं उजेडात सरकले.

शावोच्या मस्तकात तिडीक गेली. वांदे सुई घेऊन लुबुमसमोर उभा राहिला होता. बाकीची पोरं माना खाली घालून होती. लुबुमने डोळे मिटून गाल पुढे केला. शावो रांग तोडून आत घुसला.

"शुद्धीत आहेस तू! सांगू सगळ्यांना?"

सुई थांबली. वांदेचं मान झटकणंही थांबलं.

"शावो आखू, आज आजोबा आलेच नाहीत," ढोलांच्या गदारोळात तो पुटपुटला. "सकाळपासून बोलावतोय."

"मग माझ्या पोराला कशाला भोसकतोस?"

वांदेने लुबुमच्या कोवळ्या गालाकडे पाहिलं. कॅमेऱ्यांकडे पाठ केली. सुई फिरवली आणि स्वतःच्याच गालात घातली, आरपार.

रक्त हनुवटीवर ओघळलं. त्याने ते पुसलं नाही. शावोकडे बघत तसाच उभा राहिला, सांग आता सगळ्यांना म्हणावं तसा.

शावोने देवाला घालायला आणलेलं पांढरं रेशमी उपरणं काढलं आणि वांदेच्या गळ्याभोवती गुंडाळलं, पार गालापर्यंत, घट्ट. मग गर्दीकडे वळला.

"आजोबांनी यंदा पोरांचं सगळं स्वतःवर घेतलंय! सुया ठेवा. नाचा!"

आरोळी उठली. लुबुमने डोळे उघडले, आपला गाल चाचपला.

"आपा, त्यांनी स्वतःला टोचलं? रक्त आलं?"

शावोने लाल झालेली बोटं बाहीत ओढून घेतली.

"आजोबांना कसलं रक्त," तो म्हणाला. "मागे पडतोयस. पाय उचल."