वसूकी

माझी धाकटी बहीण देवका बाळंतपणात गेली, ते त्र्याहत्तर साल. माघ महिना होता. बाळंतपणाला ती आमच्याकडेच आली होती, म्हणून तिचं पोरगं प्रेमदास आमच्याच घरी राहिलं. घरात मी आणि माझी आई मनकर्णाबाई. गावात ज्या गाई-म्हशी उरल्या होत्या त्या नुसत्या हाडांवर उभ्या होत्या. जामहून आणलेली दुधाची भुकटी पोराच्या पोटात ठरली नाही. ते वाढलं ते आमच्या बकरीच्या दुधावर. मृगापर्यंत ती बकरी आटू द्यायची नाही, एवढं एकच काम आम्हा दोघींना होतं.

चैत्रात विहीर तळाला गेली. गावानं ठरवलं, दर घराला दिवसाला दोन गुंड, म्हणजे दोन घागरी पाणी. वैशाखात एकच गुंड झाला. त्यातला अर्धा बकरी पिऊन टाकायची. आई स्वतःच्या वाटचं पाणीही गुपचूप तिच्या घमेल्यात ओतायची. मला ते दिसत होतं. तिचे ओठ फाटले होते, उठताना ती भिंत धरायची.

गिरडच्या रस्त्याला लक्ष्मणरावाच्या वावरात तेव्हा गुजरातेतले काठेवाडी मेंढपाळ उतरले होते. खत मिळावं म्हणून लक्ष्मणरावानंच त्यांचा कळप वावरात बसवला होता. हमीर नावाचा म्हातारा, त्याची बायको जीवी, दोन उंट आणि दोनेकशे मेंढ्या-बकऱ्या. नदीच्या डोहात थोडं गढूळ पाणी होतं, तिथे तो कळप दर तिसऱ्या दिवशी न्यायचा. एकेक मेंढी बादलीभर पाणी ओढून घ्यायची. मग दोन दिवस पाण्याचं नाव नाही. दुपारी त्या एकमेकींच्या पोटाच्या सावलीत मुंडकी खुपसून उभ्या राहायच्या. चरायच्या पहाटे. लेंड्या इतक्या कोरड्या की पायाखाली खड्यांसारख्या वाजायच्या.

विहिरीवर शेजारची सीताबाई म्हणाली, "वच्छले, तुही बकरी पाटलीण आहे का वं? काठेवाड्याचे मेंढरं तिसऱ्या दिवशी पेतेत, अन् हिले रोज पाह्यजे."

"तिच्यावर पोरगं आहे, सीताबाई."

"पोरगं तिच्यावर आहे. अन् तुही माय कोनावर आहे?"

ते मला लागलं. मी हमीरकडे गेले. विचारलं, "बाबा, तुमचे जनावरं बिनपाण्याचे कसे राह्यतेत?"

"हमारे मुलक का माल है, बेन. पेट में टांकी लेके चलता है," तो हसला. "वसूकी ने तीजे दी पाणी. बस."

वसूकी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. माझ्या कानाला सुकी ऐकू आलं. सुकं साल असलं की तिसऱ्या दिवशी पाणी, असा अर्थ मी लावला. वावराच्या बांधाला बाभळीखाली त्याच्या पाच-सहा बकऱ्या वेगळ्या बांधलेल्या होत्या, प्रत्येकीपुढे पाण्याचा डबा. मला वाटलं, आजारी असतील. विचारलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आपली बकरी त्यायच्यावानी आहे का वं?"

"बकरी ते बकरीच, आई. तू आपलं पाणी पेत जा."

दोन दिवस बकरी घमेलं चाटत ओरडली. तिसऱ्या दिवशी गुंडभर प्यायली. दूध निम्मं झालं. मला वाटलं, सवय होईल. दुसऱ्या फेरीत तिनं ओरडणं सोडलं. लेंड्या कोरड्या, टणक पडायला लागल्या, हमीरच्या मेंढ्यांसारख्या. मी आईला त्या दाखवल्या. म्हटलं, "पाह्य, शिकली." दूध तोवर चार बोटं उरलं होतं. आई त्यात भाताची पेज घालून पोराला पाजायची. त्याला हगवण लागली. ते रडायचं, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

शनिवारी सकाळी बकरी उठली नाही. पाणी तोंडाशी धरलं, ते जिभेवरून बाहेर सांडलं. मी हमीरला बोलावून आणलं. त्यानं तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. मग त्याची नजर तिच्या सडांकडे गेली.

"दूधवाली थी?"

"हो."

"फिर तीजे दी क्यों?" तो खाली बसला. "मैं बोला वसूकी. वसूकी. जिसका दूध बंद हुआ. दूधवाली को तो हम भी रोज पिलाता है, बेन. ऊंट पे लाके पिलाता है."

बाभळीखालच्या बकऱ्या दुभत्या होत्या.

जीवीनं त्यांचं दूध काढून लोटा भरून आणला, रविवारीही दोन वेळा आणला. एवढ्या जवळ दूध होतं. पोरानं दोन घोट घेतले आणि उलटून टाकले. हमीर दारात उभा होता. आई त्याला म्हणाली, "तुमचा दोष नाई, बाबा." मला ती काही म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही.

आमची बकरी १९ मे १९७३ ला, शनिवारी मेली. देवकाचा मुलगा प्रेमदास २१ मे १९७३ ला, सोमवारी सकाळी आईच्या मांडीवर गेला. तो तीन महिन्यांचा होता.