बिनआवाजाचे टायर

पाणीवाल्यांनी एका टायरच्या खाचेत अंगठा घातला, तो नखापर्यंत आत गेला. शेजारच्या टायरच्या खाचेत घातला, तर तो जेमतेम टेकला.

"अंगठा घालून काय कळणार आहे, साहेब?" दुकानाचे मालक म्हणाले. "बाळाच्या अंघोळीचं पाणी आहे का, कोमट झालं की नाही बघायला?"

मालकांना सगळे हवालदार म्हणत. पोलिसात ते कधीच नव्हते. सुरुवातीला सायकलींत हवा भरायचे, तेवढ्यावरून लोकांनी ही बढती दिली होती. डोंगरावरच्या तलावाची देखभाल करणाऱ्या साहेबांचे त्याच लोकांनी पाणीवाले केले होते. शहराच्या नळाला येणारं पाणी त्यांच्या हाताखालून यायचं, आणि तिथवर पोचायला त्यांना रोज ही उंच, चौकोनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी लागायची.

"बरं, रस्ता सांगा," हवालदार म्हणाले. "डांबर किती, कच्चा किती?"

"फाट्यापर्यंत डांबर. तिथून वर तलावापर्यंत दगड. पावसात चिखल."

"मग विचार कसला करताय? आत्ता घातलेत तेच घ्या. चिखलाचे." हवालदारांनी जाड, खडबडीत गोट्यांच्या एका टायरला प्रेमाने लाथ मारली. "कसल्याही राड्यातून ओढून काढतो. खोड एकच, डांबरावर घोंगावतो."

"तेच नको."

"काय, चिखल?"

"घोंगावणं."

हवालदारांनी डोकं खाजवलं. "मग मधले घ्या. थोडा आवाज, थोडा जोर. नवराबायकोच्या भांडणात मध्ये पडलेल्या मेहुण्यासारखे. दोन्हीकडून थोडं थोडं ऐकून घ्यायचं."

"थोडासुद्धा आवाज नको."

"मग राहिले हे. रस्त्याचे." अंगठा ज्यात शिरला नव्हता तोच टायर हवालदारांनी पुढे गडगडवला. "लोण्यासारखे चालतात. पण याच्या बाजू पातळ असतात. वरच्या दगडांत चिरल्या तर मला शिव्या द्यायच्या नाहीत. एवढी वर्षं नव्हती ती तुमची आवाजाची तक्रार. मागच्या वेळी वहिनी आल्या होत्या बरोबर, त्या तर म्हणाल्या होत्या..."

"बोलायला कोणी असलं की जाणवत नाही," पाणीवाले म्हणाले आणि पुन्हा खाचेत अंगठा घालून बघू लागले.

कडेला पडलेला पाना उचलून हवालदारांनी उगाचच जागेवर ठेवला.

वहिनी फाट्यावरच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. रोज सकाळी त्या डावीकडच्या सीटवर बसायच्या, मांडीवर डबा आणि डब्यावर पर्स, आणि फाटा येईपर्यंत बोलायच्या. टायरच्या वर आवाज चढवून बोलायच्या. यांनाही मग तसंच उत्तर द्यावं लागायचं. दोघांना त्याची इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा मीठ मागायचं तर या खोलीतून त्या खोलीत हाक जावी तसं मागत. शेजाऱ्यांना बरीच वर्षं वाटत होतं, यांचं काही धड नाही. मागच्याच्या मागच्या थंडीत त्या गेल्या आणि घर इतकं शांत झालं, की त्याच शेजाऱ्यांनी एकदा काळजीने दार वाजवलं.

घरातली शांतता पाणीवाल्यांनी हळूहळू अंगवळणी पाडून घेतली. गाडीतला घोंगाट मात्र पडेना. आधी तो सीटखाली कुठेतरी असायचा, आता तो सीटवरच येऊन बसला होता. रेडिओ लावून पाहिला. बातम्या देणारी बाईच घाबरून ओरडतेय असं वाटायचं. काच उघडून पाहिली, तर बाहेरचा वारा त्यात मिसळला.

फोन वाजला. लेकीचा होता. ती दुसऱ्या, मोठ्या शहरात राहायची, आणि तिथल्या मुख्य कचेरीत यांच्यासाठी एक टेबल रिकामं झालेलं तिनेच शोधून काढलं होतं.

"कुठे आहात बाबा?"

"टायरच्या दुकानात."

"टायर कशाला? गाडी विकायचीय ना आपल्याला?"

"असं कोण म्हणालं?"

"मी म्हणाले. तुम्ही हं म्हणालात."

"तो ऐकतोय म्हणून हं होता. कबूल म्हणून नव्हता."

"बाबा, महिनाअखेरीपर्यंत त्यांना कळवायचंय. मागची खोली रंगवून घेतलीय मी. इथे डोंगर नाही, दगड नाही, एकटं जाणं-येणं नाही. किती दिवस असं काढणार?"

"आवाजाचाच त्रास आहे गं," ते म्हणाले. "तो एकदा गेला की काही नाही. टायर बदलून बघतो. मग सांगतो."

फोन ठेवून त्यांनी हवालदारांना मान हलवून रस्त्याचे टायर दाखवले. गाडी वर उचलली गेली. जुनी चाकं एकेक करून उतरली. त्यांच्या गोट्या एका बाजूने पायऱ्या-पायऱ्यांनी झिजल्या होत्या. पुढची चाकं मागे, मागची पुढे करायची असतात, ते बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं; त्यानेही घोंगाट वाढतो. हवालदारांना ते दिसलं, पण एरवी ऐकवलं असतं ते त्यांनी ऐकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घराच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली आणि पाणीवाल्यांनी श्वास रोखून वाट पाहिली. काही आलं नाही. वेग वाढवला. तरी काही नाही. नुसती एक मऊ सरसर, कोणीतरी शेजारच्या खोलीत चादर झटकून घालावी तशी. त्यांना हसू आलं. गाडीत किती बारीक बारीक आवाज होते! किल्ल्यांचा जुडगा दांड्याला लागून किणकिणत होता. पाण्याची बाटली दारात डुचमळत होती. डावीकडची रिकामी सीट चढाला कुरकुरत होती. हवालदाराला मानलं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. फाट्याच्या अलीकडच्या लांब वळणावर त्यांनी खांदे सैल सोडले.

आणि गाडीत कोणीतरी बोलत होतं.

"...तर तो म्हणतो, मधले घ्या, मेहुण्यासारखे. मी म्हटलं, नको रे बाबा, तिचा एक भाऊ आहे तेवढा मेहुणा मला पुरे..."

त्यांनी फोनकडे पाहिलं. फोन बंद. रेडिओ बंद. समोरच्या आरशात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, ते उघडं होतं. त्यांनी ते मिटलं. आवाज थांबला.

फाट्यावर दवाखान्यासमोर गाडी कडेला घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. आत नवी परिचारिका खिडक्या उघडत होती. तिने ओळखीचं हसून हात केला. यांनीही केला, आणि दुसऱ्याची खोली चुकून उघडावी तसे संकोचून गाडी वर काढली.

तलावावरचा चौकीदार फाटकाशीच होता. त्याने नव्या टायरांभोवती एक चक्कर मारली.

"गुळगुळीत आहेत हो," तो म्हणाला. "नवरदेवाच्या गालासारखे."

"मी गाडीत बोलतो का रे?" पाणीवाल्यांनी एकदम विचारलं.

चौकीदार गोंधळला. यात काही फसवाफसवी आहे का, ते त्याने साहेबांच्या चेहऱ्यावर शोधलं. "म्हणजे काय? रोजच बोलत येता की. खालच्या वळणापासून मला काचेतून तोंड हलताना दिसतं. आधी वाटायचं फोनवर आहात. पण इकडे फोन कुठला लागतोय? मग म्हटलं, गाणं म्हणत असतील."

"कधीपासून?"

"पुष्कळ झालं." चौकीदाराने फाटकाला उगाच एक हिसका दिला. "गाणं म्हणावं माणसाने. त्यात काय?"

पुढे आठवडाभर पाणीवाले तोंड मिटून येत-जात राहिले. आता लक्षच तिकडे होतं. जरा ओठ सुटले की ते आवळायचे. एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं, "काय मग?" त्या शांत गाडीत ते शब्द इतके स्वच्छ आणि वाळलेले निघाले, की सभेला कोणीच आलेलं नसताना भाषणाला उभं राहिल्यासारखं त्यांना झालं. पुन्हा काही म्हटलं नाही. गाडी लोण्यासारखी चालत होती. डावीकडची सीट रिकामी होती. ती तशी दोन वर्षं होतीच, पण असं एकदम आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी ती त्यांना आजवर कधी दिसली नव्हती.

शनिवारी लेकीचा फोन आला.

"गेला का आवाज?"

"गेला."

"मग, आता बरंय?"

पाणीवाल्यांनी टेबलावरचा पेला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवला. "तू म्हणतेस ती खोली," ते म्हणाले, "हवेशीर आहे का?"

पलीकडे ती भराभरा बोलत सुटली. खिडक्या, कपाट, खाली फिरायला बाग, जावयांनी गाडीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलेलं. "आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, बाबा."

"काय सांगितलं असतं?"

"हेच. की या म्हणून."

पाणीवाल्यांनी पेला पुन्हा पहिल्या कोपऱ्यात सरकवला.

"कळवू मग त्यांना सोमवारी?"

"दोन दिवस थांब."

"आता कशाला?"

"एकदा विचारून बघतो."

"कोणाला?"

"आहे एक," ते म्हणाले. "कामातलं."

सोमवारी सकाळी गल्ली संपून मोठा रस्ता लागला, तसा त्यांनी घसा खाकरला. "हे बघ," ते म्हणाले, "पोरगी बोलावतेय." बाटली डुचमळली. किल्ल्या किणकिणल्या. "खोली रंगवलीय म्हणे." पुढचं वाक्य तयार होतं, पण स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानावर पडत होतं, आणि दुसरं काही पडत नव्हतं. घर बदलायचं, नोकरी बदलायची, गाडी विकायची, आणि एवढं सगळं तिच्या कानावर न घालता? लग्नापासून साधा पंखासुद्धा त्यांनी एकट्याने ठरवून आणला नव्हता.

पहिल्या चौकातून त्यांनी गाडी मागे वळवली.

हवालदार दुकानाचं शटर वर करत होते.

"हे काढा," पाणीवाले खिडकीतूनच म्हणाले. "चिखलाचे घाला."

हवालदारांचा चेहरा उजळला. "सांगत होतो की नाही? बाजू चिरली ना? दगडांत हे नाहीच टिकायचे. तुम्ही पाणी, मी हवा, पण आमच्या हवेचं ऐकतो कोण?" ते खाली बसले आणि एकेका टायरच्या बाजूवरून हात फिरवत गेले. चारही बघून झाल्यावर वर पाहिलं. "ओरखडासुद्धा नाही हो, साहेब."

"पडेल की पुढे."

"पडेल तेव्हा बघू. आवाज करतायत का?"

"नाही, नाही. अजिबात नाही."

"मग?"

पाणीवाल्यांनी गाडीतून उतरून किल्ली त्यांच्या हातात दिली. हवालदारांनी ती घेतली, पण कामाला लागले नाहीत. "हे बघा, मी परत नवे म्हणून नाही विकू शकत हे. आणि एक सांगतो. कोरे चिखलाचे टायर तुमच्या जुन्यांहून कमी का होईना, पण आवाज करणार. तुम्हालाच नको होता तो. उद्या येऊन म्हणाल, कान फुटले."

"नाही म्हणणार."

"शेजारचा बोललेला नाही कळायचा."

"मला कळतं," पाणीवाले म्हणाले.

हवालदारांनी खांदे उडवले आणि जॅक ओढला. गिऱ्हाईक शहाणं असो की वेडं, चाकाला नट तेवढेच असतात. काम होईपर्यंत पाणीवाले दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. मध्येच लेकीचा फोन आला.

"विचारलंत का?"

"आज विचारतो. टायर बदलतोय."

"पुन्हा?" ती ओरडलीच. "बाबा, तुमचं नक्की काय चाललंय तिकडे?"

"सांगतो गं संध्याकाळी. घाई नको करू." आणि फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "खोली चांगली रंगवली असशील तू. तुझा हात तिच्यासारखा आहे."

गाडी दुकानाच्या उतारावरून खाली आली. डांबर लागलं तसे टायर बोलू लागले, आधी हळू, मग भरून. हवालदार हात पुसत दारात उभे होते. गाडी समोरून वळताना त्यांना काचेमागे पाणीवाल्यांचे ओठ हलताना दिसले. आपल्यालाच काही सांगतायत, असं वाटून त्यांनी कानामागे पंजा धरला.

"काय म्हणालात?" ते मोठ्याने ओरडले.

पण पाणीवाल्यांची मान डावीकडे वळलेली होती, आणि एक हात स्टिअरिंगवरून सुटून, एखादी गोष्ट नीट समजावून सांगताना फिरतो तसा हवेत फिरत होता.