ताईच्या विरोधात पहिली सही

आमच्या ताईची शहराच्या बास्केटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून तीन वर्षांसाठी नेमणूक झाली. आता हे झालंच नाही असं धरून चालू. तुम्हाला काही ठाऊक नाही, मलाही नाही, आणि बाबांना तर मुळीच नाही, कारण ते अजून लाँड्रीच्या काउंटरमागे उभं राहून, ताईला काढून टाकणं कसं गरजेचं आहे, हे एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला समजावून सांगतायत.

लाँड्री आमचीच. समोर बाबा, मागे स्टीम प्रेसवर मी, आणि डागांच्या टेबलावर आई. संघाचे कपडे पूर्वीपासून आमच्याकडेच धुवायला येतात. ताईच्या वशिल्याने काम मिळालं असं कोणी म्हणेल, पण प्रकार उलटा आहे, कामाच्या वशिल्याने ताई गेली. ती अकरा वर्षांची असताना बाबा तिला घेऊन धुतलेले कपडे द्यायला स्टेडियममध्ये गेले आणि एकटेच परत आले. आईने विचारलं, पोरगी कुठे आहे? बाबांनी खिशातून पावती काढून पाहिली. पावतीवर बारा जर्सी, बारा चड्ड्या आणि चोवीस मोजे होते, पोरीचा उल्लेख नव्हता. मग दोघं धावत गेले तर ही बास्केटच्या खांबाला टेकून सराव बघत बसलेली. आई म्हणते, पोरगी तिथून अजून परत आलेली नाही, फक्त जेवायला येते.

संघ तरुण आहे. म्हणजे किती, तर सगळ्यांत अनुभवी खेळाडू तेवीस वर्षांचा, आणि बाकीचे त्याला काका म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला ओळीने नऊ सामने हरल्यावर आधीच्या प्रशिक्षकांनी मान दुखत असल्याचं कारण देऊन राजीनामा दिला. नऊ सामने मान खाली घातल्यावर कोणाचीही दुखेल. मग साहाय्यक असलेल्या ताईला हंगामी नेमलं. हंगामी म्हणजे दारावरची नावाची पाटी खिळ्यांऐवजी चिकटपट्टीने लावतात. त्यानंतरच्या एकोणीस सामन्यांपैकी अकरा संघाने जिंकले, आणि पाटी दोनदा पडली.

आता प्रश्न असा होता की ताईला कायम करायचं की बाहेरून कोणी नावाजलेला आणायचा. हा प्रश्न क्लबसमोर होता असं क्लबला वाटत होतं. खरा तो आमच्या काउंटरवर होता.

रोज संध्याकाळी तिथे दोन माणसं हमखास असायची. एक लिफ्टवाले काका, ज्यांचा एकच डगला चार महिने धुवायला येतो आहे, आणि दुसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या पांढरे कोट घ्यायला येतात आणि कोट विसरून जातात. चर्चेची सुरुवात सहसा शिडीपासून व्हायची. शिडी म्हणजे आमचा सर्वांत उंच खेळाडू, वय वीस, दारातून येताना स्वतःला नमस्कार केल्यासारखा वाकतो. काकांचं म्हणणं, त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाका. वर कोणीही जातं, नेमक्या मजल्यावर थांबता आलं पाहिजे, आणि शिडी उडी मारतो तेव्हा चेंडू आधीच खाली उतरलेला असतो. डॉक्टरीणबाईंना हे अजिबात पटत नसे. त्यांच्या खुर्चीत पहिले पाचही खेळाडू येऊन गेले होते आणि एकालाही अक्कलदाढ आलेली नव्हती. दोन वर्षं थांबा, पाच जणांच्या मिळून वीस दाढा यायच्या आहेत, मग हा संघ कोणाला आवरतो ते बघू, असं त्या अगदी वैद्यकीय आवाजात सांगायच्या. चावी नावाच्या पोराबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. तो चेंडू स्वतःकडे ठेवतच नाही, समोर बास्केट मोकळी असली तरी कोणाला तरी पास देतो. मागे एकदा जवळ कोणी नव्हतं तर त्याने पंचांना दिला.

खेळाडूंचं संपलं की गाडी प्रशिक्षकावर यायची, आणि दोघं बाबांकडे बघायचे.

इथे आमच्या घरचा नियम सांगायला हवा. आपल्या माणसाचं कौतुक दुसऱ्याने करायचं, आपण मान खाली घालून ‘कसलं काय’ म्हणायचं. मी शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली आले तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं की बाकीच्या मुली त्या दिवशी आजारी होत्या. शेजारच्या काकूंची मुलगी दुसरी आली होती. तेव्हापासून त्या आमच्याकडे कपडे टाकत नाहीत.

तर डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या की तुमच्या मुलीने या पोरांचं सोनं केलं. बाबा म्हणाले, कसलं काय. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पण लिफ्टवाले काका पडले मेकॅनिक, बिघाड आहे म्हटलं की कुठे ते विचारणारच. म्हणजे नेमकं काय चुकतं तिचं, त्यांनी विचारलं. बाबांना एवढंच सुचलं की, टाइमआउट उशिरा घेते.

दुसऱ्या दिवशी काकांनी आणखी एक चूक विचारली. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि कौतुक करणं नियमात बसत नाही. तेव्हा त्यांनी वाचनालयातून बास्केटबॉलवरची दोन जाड पुस्तकं आणली आणि सगळ्या सामन्यांची चित्रणं पुन्हा पाहिली, वही घेऊन. नम्रता म्हणून सुरू झालेलं काम महिनाभरात इतकं वाढलं की आमच्या ताईचा शहरातला सर्वांत अभ्यासू टीकाकार म्हणजे आमचे बाबा झाले. चौथ्या भागात शिडीला बसवून ठेवते, बाजूने फेकलेल्या चेंडूवर ठरलेली चालच नाही, डाव्या कोपऱ्यावर तिचं लक्ष नाही. एकेक मुद्दा कडक इस्त्री केलेला.

लिफ्टवाले काका हे मुद्दे घेऊन शहरभर फिरले. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला दुसरा काही उद्योग नसतो. काका दाराच्या फटीतून आधी डाव्या कोपऱ्याचा मुद्दा समजावत, पटला का विचारत, आणि मग दार उघडत. सगळ्यांना पटत असे. शिवाय खुद्द बापच म्हणतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार?

मग क्लबने चाहत्यांचं मत मागवलं. शहरातल्या अठरा दुकानांच्या काउंटरवर छापील तक्ते ठेवले, त्यावर तीन रकाने: ‘हवी’, ‘नको’ आणि ‘इतर सूचना’. खाली बारीक अक्षरांत, एकदा केलेली सही रद्द होणार नाही. मुदत सोमवारी दुपारपर्यंत, आणि त्यावरून ताईचं ठरणार होतं. आमच्या तक्त्यावर डॉक्टरीणबाईंनी ‘हवी’खाली सही ठोकली, पण घाईत ती औषधाच्या चिठ्ठीवरच्यासारखी सही झाल्याने कोणाला वाचता आली नाही. लिफ्टवाल्या काकांनी पेन उचललं, थांबले, आणि अदबीने बाबांपुढे केलं. म्हणाले, भाऊ, मान तुमचा.

मी प्रेस थांबवला. ‘हवी’खाली सही म्हणजे स्वतःच्या मुलीचं लेखी कौतुक, तेही चारचौघांत. बाबांनी ‘नको’खाली पहिली सही केली. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं. शुक्रवारपर्यंत त्या सहीखाली आणखी चाळीस झाल्या.

शुक्रवारी ताई जेवायला आली. वाढून झाल्यावर सहज सांगितल्यासारखं म्हणाली की अठरापैकी सतरा काउंटरवर ती पुढे आहे, फक्त एका ठिकाणी सपाटून मार खातेय. आईने विचारलं, कुठलं गं मेलं ते दुकान?

“आपलं,” ताई म्हणाली.

बाबांनी स्वतःच्या भांड्यात पाणी ओतलं. भांडं आधीच भरलेलं होतं. पाणी ताटात गेलं, ताटातून मांडीवर गेलं, तरी ते ओतत होते.

“टाइमआउटचं तुमचं बरोबर होतं बाबा, मी बदललं ते. कोपऱ्याचंही,” ताई म्हणाली. “पण तुम्हाला खरंच वाटतं का, मी जावं?”

माझ्या वाटण्याचा काय संबंध, असं काहीतरी बाबा पुटपुटले. ताईने आणखी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सामना होता, म्हणून लवकर निघाली. तिने ताट घासून ठेवलं आणि चप्पल घालताना मला म्हणाली, शिडीची जर्सी आखडलीय, जरा ओढून दे. आवाज नेहमीचाच होता, पण चप्पल तिने माझी घातली होती.

ती गेल्यावर आई बाबांना म्हणाली, “अहो, लोक गालबोट लावतात ते बोटाने लावतात. तुम्ही डांबराची बादली घेऊन बसलात.”

शनिवारचा सामना संघ एका गुणाने हरला. समोर गेल्या वर्षीचे विजेते होते, आणि शेवटच्या क्षणी चावीने आयुष्यात पहिल्यांदा पास न देता स्वतः चेंडू टाकला. तो कड्यावर दोनदा फिरला, विचार केला आणि बाहेर पडला.

रविवारी आमचं दुकान अर्धा दिवस असतं. संघाच्या कपड्यांची पिशवी आली आणि तिच्यामागे लिफ्टवाले काका आले, आणखी सहा-सात सह्यावाले घेऊन. डॉक्टरीणबाई आधीच उभ्या होत्या. काका खुशीत नव्हते, पण बरोबर ठरल्याचं समाधान होतं चेहऱ्यावर. म्हणाले, बघा भाऊ, तुम्ही म्हणत होतात तेच.

कौतुकाची सवय नसल्याने शब्द कुठून सुरू करायचे तेच बाबांना कळेना. त्यांनी पिशवी काउंटरवर उपडी केली आणि चड्ड्या एकेक करून मांडायला लागले, न धुतलेल्या, गिऱ्हाइकांसमोर. आमच्या धंद्यात हे पाप आहे.

“हा मेणाचा पट्टा दिसतोय कडेला?” ते म्हणाले. “कोर्टच्या लाकडाला मेण लावतात. निसटलेल्या चेंडूसाठी जो अंग टाकतो, त्याच्याच चड्डीला ते लागतं. आधीच्या प्रशिक्षकाच्या वेळी बारांतल्या तीन चड्ड्यांवर असायचं. मोजा आता.”

काकांनी मोजल्या. पट्टा बाराही चड्ड्यांवर होता. ते म्हणाले, हा बारावा तर काल दोन मिनिटंसुद्धा खेळला नाही.

“दोन मिनिटांत पडला तो,” बाबा म्हणाले.

मग पिशवीच्या तळातून त्यांनी एक काळी पँट काढली. ही पँट दर वेळी ते स्वतः धुतात, स्वतः इस्त्री करतात. मी एकदा हात लावला तर म्हणाले होते, तुला जमणार नाही. वीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या कपड्याबद्दल असं म्हणाले नव्हते. पँटचे दोन्ही गुडघे मेणाने पांढरट झाले होते.

“टाइमआउटमध्ये पोरं दमून बाकावर बसतात,” ते म्हणाले. “उभं राहून बोललं तर त्यांना माना वर कराव्या लागतात. म्हणून ही त्यांच्यासमोर गुडघे टेकते, दर वेळी. चार महिने मी हे गुडघे घासतोय.” त्यांनी पँट काउंटरवर पसरली. “चांगली आहे ती. फार चांगली आहे. मी इतके दिवस उगाच कसलं काय, कसलं काय करत होतो.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून आमच्या एका धुतलेल्या टॉवेलला पुसला, कोणाचा होता कोण जाणे. आई डागांच्या टेबलावर वाकून, डागच नसलेला एक शर्ट घासत राहिली.

“म्हणजे कोपऱ्याचा मुद्दा खोटा?” काकांनी विचारलं. त्यांनी तो निदान दोनशे माणसांना फटीतून पटवला होता.

“खरा होता. तिने सुधारला.”

“आणि तुम्ही?”

“मी आत्ता सुधारतोय,” बाबा म्हणाले.

काकांनी पँटच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवून पाहिला. मग खिशातून पेन काढून त्यांनी ‘हवी’च्या रकान्यात सही केली आणि हत्यारांची पेटी उचलून निघाले. सोमवारी सकाळपर्यंत बाकीचे एकोणचाळीस जण एकामागून एक आले. कसे ते मी विचारलं नाही, पण दोघा-तिघांना लिफ्टची इतकी धास्ती बसलेली दिसली की ते सही करून आमच्या दोन पायऱ्याही कठड्याला धरून उतरले. जुन्या सह्या रद्द होत नसल्यामुळे तक्त्यावर बरोबरी झाली, ‘हवी’ एकेचाळीस, ‘नको’ एकेचाळीस.

क्लबचा माणूस तक्ता न्यायला आला तेव्हा ‘हवी’खाली फक्त बाबांची सही राहिली होती. त्याने घड्याळ दाखवलं. आई म्हणाली, करा आता, कसली वाट बघताय? बाबा म्हणाले, नात्यातल्या माणसाच्या सहीने इथला निकाल लागला तर ते पोरीच्या कष्टांना कमीपणा आणणारं आहे, आणि त्यांनी तक्ता स्वतःकडे ओढून ‘इतर सूचना’च्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. क्लबचा माणूस खुर्चीवर बसला. बाबांनी आपल्या त्या सुंदर अक्षरात, समास सोडून, जे लिहिलं ते असं:

“विषय: सामन्याच्या अधिकृत नोंदपत्रकात एक रकाना वाढवण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून निदर्शनास आणून देण्यात येते की, सदर पत्रकात गुण, फाऊल, टाइमआउट इत्यादींसाठी रकाने आहेत, परंतु प्रशिक्षक कोणाची मुलगी आहे हे नमूद करण्याची कोणतीही सोय नाही. तरी असा रकाना पुढील हंगामापासून कायमस्वरूपी व ठळक अक्षरांत समाविष्ट करण्यात यावा. तो भरण्यासाठी निम्नस्वाक्षरीकार प्रत्येक सामन्यानंतर स्वतःचे पेन घेऊन हजर राहील.”