घड्याळाचीही त्वचा तेलकट

मालकाने भट्टीवालीला पंधरा दिवसांची मुदत दिली, तीही अगदी प्रेमाने. बेकरीच्या पुढच्या काउंटरवरची बाई नोकरी सोडून चालली होती, आणि चौदा वर्षं आत भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या भट्टीवालीने पहिल्यांदाच तोंड उघडून काही मागितलं होतं. "मला पुढे घ्या. आता ही धग सोसवत नाही."

"घेतो की! तुझ्याशिवाय आहे कोण?" मालक म्हणाला. "फक्त त्या तोंडाचं काय ते बघ. लोक पाव घ्यायला येतात, त्यांना सोललेला बटाटा कशाला दाखवायचा?"

मालकाचं स्वतःचं तोंड कसं आहे हे विचारायची त्या बेकरीत पद्धत नव्हती.

भट्टीवालीचे गाल लालभडक, नाकाशेजारी पापुद्रे आणि या सगळ्यावर चकचकीत तुकतुकी. करायचं काय? पण चिंता कशाची, भाची होती ना घरचीच! बहिणीची ही मुलगी एका मोठ्या दुकानात क्रीम-पावडरींच्या काउंटरवर लागली होती. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ती स्वतः अंगाच्या साबणाने डोकं धूत होती. आता पांढरा कोट घालून जगाला त्वचेचे प्रकार सांगत होती. कोट अंगात चढला की ज्ञान कसं आपोआप मागोमाग येतं.

भट्टीवाली कामावरून सुटली ती थेट तिच्याकडेच गेली. भाचीने खुर्चीत बसवलं आणि कपाळाला एक यंत्र टेकवलं. यंत्र किंचाळलं.

"अगं बाई! मावशी, तेलकट! इतकी तेलकट त्वचा मी जन्मात पाहिली नाही."

"अगं, पण सालं निघतायत. तेलकट असतं तर..."

"मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का?"

भट्टीवालीने पैसे मोजले. ती बाहेर पडली तेव्हा पिशवीत फेसवॉश होता, तेल शोषणारा लेप होता, टोनर होता, दाणेदार स्क्रब होता आणि वर एक माहितीपत्रक, फुकट. "दिवसातून चारदा धू," भाचीने बजावलं, "आणि क्रीमला हातसुद्धा लावू नकोस. आगीत तेल ओतल्यासारखं होईल."

भट्टीवालीने सगळं इमानेइतबारे केलं. धुतलं, घासलं, लेप थापला. पाचव्या दिवशी गाल चरचरायला लागले. आठव्या दिवशी ती हसली आणि ओठाच्या कडेला चीर पडली, म्हणून तिने हसणं बंद केलं. भाचीला फोन केला तर ती म्हणाली, "आतली घाण बाहेर पडतेय, मावशी. धीर धर."

दहाव्या दिवशी ट्रे आत सारून तिने शेवटी ते माहितीपत्रक उघडलं. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: चेहरा धुवा, तासभर काहीही लावू नका, मग पातळ कागद टेकवा. सगळीकडे तेल उमटलं तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ आणि नाकावर उमटलं तर मिश्र. कागद कोरा आणि कातडी ताणलेली वाटली तर कोरडी. भाचीने हे पान वाचलेलं नव्हतं. तिच्याकडे यंत्र होतं ना!

भट्टीवालीने तिथेच तोंड धुतलं आणि तासभर थांबली. म्हणजे, थांबली कसली? त्या तासात तिने पावांचे पाच ट्रे काढले आणि गरम पावांवर ब्रशने बटर फिरवलं. मग कागद गालाला लावला. कागद आरपार दिसायला लागला.

"माझं बघ गं," पीठ मळणारा पुढे आला. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. त्याचाही कागद आरपार. त्या आगाऊ माणसाला एवढ्याने कुठे चैन पडायला? स्टुलावर चढला आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेला कागद चिकटवला.

"घ्या! घड्याळाचीही त्वचा तेलकट. दे त्याला तुझा फेसवॉश!"

पैलवान पोट धरून हसला. भट्टीवाली मात्र हसली नाही. एक तर ओठाला चीर, आणि दुसरं म्हणजे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. रोज त्या बटरचा धूर तोंडावर घ्यायचा आणि तेच तोंड तिने न धुता भाचीपुढे धरलं होतं. यंत्र बिचारं खोटं बोललं नव्हतं. त्याने बटर बरोबर ओळखलं होतं.

सुट्टीच्या दिवशी तिने घरी पुन्हा करून पाहिलं. कागद कोरा करकरीत, गाल चामड्यासारखे ताणलेले. कोरडी! ठणठणीत कोरडी! औषधाच्या दुकानातून तिने बिनवासाचं साधं क्रीम आणलं आणि ओल्या चेहऱ्यावर चोपडलं. संध्याकाळपर्यंत गाल निवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भट्टीने ते पुन्हा भाजून काढले.

मग ती मालकापुढे जाऊन उभी राहिली. "भट्टी सुटल्याशिवाय तोंड बरं व्हायचं नाही."

"आणि तोंड बरं झाल्याशिवाय तुला पुढे कसं घेऊ?" मालक म्हणाला, आणि आपण फार मोठा न्याय केला अशा थाटात खुर्चीत मागे रेलला.

"ते घड्याळ बघा. कितीही पुसा, तासाभरात तेलकट. त्याला रोज घासत बसायचं की त्याची जागा बदलायची? तुम्हीच सांगा."

मालकाने घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं. "पटलं," तो म्हणाला. भट्टीवालीला इतका आनंद झाला की ती चीर विसरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर घड्याळ पुढे काउंटरच्या वर टांगलेलं.

तिला रडूच कोसळलं. घड्याळाला येऊन तीन वर्षंही झाली नव्हती!

पण पाव बारा मिनिटांत भाजतो, तेराव्या मिनिटाला करपतो. आत मनगटी घड्याळ आणि मोबाइल आणायला बंदी, हा नियम मालकाचाच. मग भट्टीवालीने डोळे पुसले आणि नियम पाळायला घेतला. ट्रे टाकला की पुढे, ट्रे काढायच्या वेळी पुन्हा पुढे. गिऱ्हाइकांच्या ऐन मधे उभी राहून ती शांतपणे घड्याळ बघायची.

"ताजे कुठले हो?" कुणीतरी विचारलंच.

"उजवीकडचे, आत्ताच काढलेत. डावीकडचे कालचे आहेत."

मालकाने कपाळावर हात मारला. तिसऱ्या दिवशी लोक तिची वाट बघत थांबायला लागले. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तर सरळ विचारलं, "पोरी, तोंडाला काय झालं गं?"

"भट्टी, आजोबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "चौदा वर्षांची."

सगळी रांग मालकाकडे वळून बघायला लागली. मालकाला एकाएकी खूप घाम फुटला.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीवाली काउंटरवर. भट्टीवर सगळे आळीपाळीने, गुरुवारी खुद्द मालक. घड्याळ पुन्हा आत गेलं.

महिन्याभराने भाची पाव घ्यायला आली आणि मावशीचे मऊ गाल बघून भर रांगेत ओरडली, "बघ! तुला म्हटलं नव्हतं, धीर धर म्हणून?"

"धरला की गं," भट्टीवाली तिचे पाव बांधत म्हणाली. "चौदा वर्षं धरला."