मिस टॅबरचं मत

माझ्या बहिणीच्या, अल्मेडाच्या, कविता बॉस्टनला छापून यायच्या आणि गावातल्या बायका तिला विचारायच्या, "पाद्रीबाबांच्या वाढदिवसाला चार ओळी जुळवून देतेस का गं?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. आमच्या इथल्या वर्तमानपत्राने एकदाच तिची कविता छापली, तीही डुकरांच्या बाजारभावाखाली. मी जाऊन संपादकाला चांगलं झापलं. अल्मेडा मात्र हसली. म्हणाली, "डोर्थी, अगं भाव बघायला तरी लोक तिथवर येतील."

तिचं खरं गणगोत होतं एका पाकिटात. सहा राज्यांतल्या सहा बायका, सगळ्या कविता करणाऱ्या, कुणी कुणाला कधी पाहिलेलं नाही. पाकीट एकीकडून दुसरीकडे फिरत राहायचं. ते आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं पत्र काढून चुलीत टाकायचं, नवं पत्र आणि नवी कविता घालायची, पुढचीला धाडायचं. दुसरीच्या पत्राला हात लावायचा नाही. आणि कवितेबद्दल खरं तेच लिहायचं, तोंडदेखलं गोड नाही.

पूर्वी पाकीट फिरून आमच्याकडे नेब्रास्कात यायला अख्खा हिवाळा सरायचा. मग जॉर्जियाची गेली, मग ओहायोची. पाकीट लवकर लवकर यायला लागलं. मला आधी बरंच वाटलं, म्हटलं, हिचं वाट बघत कावणं तरी कमी होईल. मग कारण ध्यानात आलं आणि तोंडाची चवच गेली. शेवटी दोघीच उरल्या, आमची ही आणि व्हरमाँटची मिस टॅबर. इतकी वर्षं झाली तरी एकमेकींना 'मिस' म्हणायच्या. मला मेलीला तो सगळा नखरा वाटायचा. गाईंच्या धारा मी काढायच्या, साय विकायला मी न्यायची, आणि घरात कौतुक कुणाचं, तर व्हरमाँटच्या म्हातारीचं!

त्या वर्षी अल्मेडाच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टर माझ्याशी अंगणात जाऊन बोलले, तेव्हाच मी समजले. कॉलेजवाले तिच्या सगळ्या कवितांचं पुस्तक काढणार होते. सगळं तयार होतं, अडलं होतं एका कवितेपाशी. ती आमच्या एमिलवरची होती. बर्फाच्या वादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधतात, तो धरून जायचं, धरून यायचं. आमच्या भावाचा दोर तुटला. त्यावर अल्मेडाने जन्मभर एक ओळ लिहिली नव्हती, आणि आता लिहिली होती.

"देऊन टाक ना बाई," मी म्हटलं. "प्रोफेसर दोनदा विचारून झाले."

"मिस टॅबर काय म्हणते ते येऊ दे. चुकीची छापली गेली तर एमिल दुसऱ्यांदा मरेल, डोर्थी."



पाकीट आलं ते सकाळी. पोस्टाचे ऑसगुड एरवी फाटकाशी पेटीत टाकून जातात, त्या दिवशी दारापर्यंत आले आणि नुसतेच टोपी काढून उभे राहिले. पाकिटावरचं अक्षर मिस टॅबरचं नव्हतं, ते त्यांनीही ओळखलं होतं. आत अल्मेडाचंच जुनं पत्र होतं, एमिलची कविता होती आणि एक चिठ्ठी. मिस टॅबरच्या भाचीची. मावशी झोपेत गेली. फेरीचे नियम मावशीने पाकिटाच्या आत डकवून ठेवले होतेच, त्याप्रमाणे तिची दोन्ही पत्रं काढून चुलीत घातली आहेत. एक जुनं आणि एक त्याच आठवड्यात लिहिलेलं. वाचली नाहीत, दुसऱ्याचं वाचणं बरं नव्हे.

"जळलं मेलीचं शहाणपण!" मी ओरडले. "नवं कशाला जाळलंस गं बये? अक्कल काय गहाण ठेवली होतीस?"

"तिने नियम पाळला," अल्मेडा म्हणाली. डोळ्यांत टिपूस नाही. कोट काढून ठेवावा तशी चिठ्ठी तिने बाजूला ठेवली. मला तिची भीतीच वाटली.

दुपारपर्यंत ती खिडकीशी बसून होती. सूप निवलं. मग तिने कवितेचा कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच. मोठ्याने."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"वाच म्हणते ना."

वाचली. दोर होता, आईने खिडकीत ठेवलेला दिवा होता, आम्ही दोघी हाका मारत होतो. शेवटचं कडवं आलं. त्यात एमिल देवाच्या पांढऱ्या चादरीखाली शांत झोपला होता.

"कशी आहे?"

"छान आहे," मी म्हटलं.

"छान म्हणणारे गावात पुष्कळ आहेत."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते. अशा बाईचं मन मोडायचं? पण मग तिने वाट कुणाची बघितली होती, आणि कशासाठी? मला वाटलं, आज मी खोटं बोलले तर हिच्याशी खरं बोलणारं जगात कुणी उरणार नाही.

"शेवटचं काढून टाक," मी म्हटलं. "तो झोपला नव्हता, अल्मेडा. कोंबड्यांच्या खुराड्याच्या भिंतीशी सापडला आपल्याला. त्याची बोटं पाहिलीस ना तू? नखं राहिली नव्हती. त्याला आत यायचं होतं गं."

मला वाटलं, संपलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. मग तिने पेन्सिल घेतली आणि ते कडवं वरपासून खालपर्यंत खोडलं. रेघ सरळ मारली.

"आईसाठी घातलं होतं ते," ती म्हणाली. "आई जाऊनही किती वर्षं झाली, नाही?" आणि मग म्हणाली, "मिस टॅबरने हेच लिहिलं असतं."

तेवढं म्हटलं आणि तिला रडू कोसळलं, सकाळपासून अडलेलं सगळं. मी उठून तिला धरलं. आमच्या घरात असं कुणी कुणाला धरत नाही, पण मी धरलं, आणि गाई हंबरायला लागल्या तरी सोडलं नाही.